तुम्ही विचारलंत म्हणून: साइट एकदा बनवली, मग दरवर्षी पैसे कशाचे?

नाही, डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, विकत मिळत नाही. ते नोंदवता येतं, .कॉम असेल तर एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, आणि मुदत संपत आली की पुन्हा पैसे भरायचे. हे मी नाशिकमध्ये सातपूरच्या कारखानदाराला सांगितलंय, कॉलेज रोडच्या डेंटिस्टला सांगितलंय आणि दिवाळीत फराळाची ताटली हातात धरून मावसभावालाही सांगितलंय. तरी प्रश्न जागच्या जागी: "अगं, पण साइट तर तू केव्हाच बनवून दिलीस ना? मग दर एप्रिलला बिल कशाचं?" विचारणाऱ्याच्या आवाजात राग नसतो, संशय असतो. राग परवडला असता.

तर एकदाच सांगते. त्या बिलातला काही भाग माझा नसतोच. नावाचे, होस्टिंगचे (साइट ज्या सर्व्हरवर राहते त्या भाड्याचे), मेलबॉक्सचे पैसे पुढे जातात, वर १८ टक्के जीएसटी. उरलेले माझे. साइट वरून आहे तशी दिसत राहावी म्हणून खालचं सगळं सारखं बदलावं लागतं, त्याचे. पीएचपी या साइट चालवणाऱ्या भाषेच्या ७.४ आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाल्या. त्यावरच्या साइट नव्या आवृत्तीवर न्यायला घेतल्या की जुने प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेले तयार तुकडे, मोडतात, आणि मोडलेला चौकशीचा फॉर्म बाहेरून धडधाकट दिसतो. "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" असंही म्हणतो, फक्त मेल कुणालाच जात नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदींबाबत कडक धोरण धरलं. त्या धड नसतील तर तुमचं कोटेशन स्पॅममध्ये पडून राहू शकतं. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझरला साइट सुरक्षित आहे हे पटवणारं, आधी वर्षभर चालायचं, मार्च २०२६ पासून नव्याला २०० दिवसांची मर्यादा आणि २०२९ मध्ये ४७. हो, ते आपोआप रिन्यू होतं. आपोआप होणारं कधी व्हायचं थांबलं, हे बघायला माणूस लागतो.

आणि हो, काही साइटना अख्ख्या वर्षात मी बोटही लावत नाही. तरी बिल जातं. याचं गोंडस उत्तर माझ्याकडे नाही.

पिंपळगावकडच्या एका द्राक्ष निर्यातदाराचं सांगते, कारण 'असं काय मोठं होतं' हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. नाना म्हणते मी त्यांना. त्यांनीही बिलाबद्दल विचारलं, तेव्हा मी हुशारीत म्हणाले, "नाना, बाग एकदा लावली की झालं का? दरवर्षी छाटणी करताच ना?" नाना हसले. "ताई, बाग पैसे देती. तुमची साइट काय देती?" मला पटकन काही सुचलं नाही. थोड्या दिवसांनी निरोप आला, आता पुतण्या बघणार, तो कॉम्प्युटरचं शिकतोय. मी लॉगिन, पासवर्ड, मुदतीची तारीख, सगळं लेखी देऊन टाकलं. पुतण्याने डोमेनच्या खात्यातला माझा मेल काढून तिथे कंपनीचा टाकला. कुणीही तसंच केलं असतं. फक्त कंपनीचा मेल त्याच डोमेनवर होता.

मुदतीच्या सूचना त्या मेलबॉक्समध्ये जात राहिल्या. तो उघडणार कोण, सगळा धंदा व्हॉट्सॲपवर. डोमेन संपलं जानेवारीत. कळलं फेब्रुवारीत, रॉटरडॅमच्या खरेदीदाराने फोन करून कंपनी चालू आहे ना असं विचारलं तेव्हा. त्याचे मेल परत जात होते.

मी गेले तेव्हा पॅकहाउस भरात होतं. लांब टेबलांशी बायका बारीक कात्र्यांनी घडातले बारके, चिरलेले मणी काढत होत्या, अर्ध्या किलोच्या डब्या भरत होत्या, आणि प्री-कूलिंगचं दार उघडलं की पायांवर गार हवा यायची. पुठ्ठ्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून आम्ही 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. लिंक गेली कंपनीच्या मेलवर, म्हणजे त्याच बंद डोमेनवर. ओटीपीचा पर्याय घेतला, तर तो पुतण्याच्या जुन्या सिमवर, जे त्याने कधीच बदललं होतं. पुतण्या बाजूला उभा राहून नखं खात होता. मग डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या चॅटवर कुणीतरी फर्मची कागदपत्रं मागितली. जीएसटीच्या प्रमाणपत्रावर फर्मच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त निघाला, त्यावर पुन्हा खुलासा, लेटरहेड, सही, शिक्का. तोवर साध्या दरात रिन्यू करायची सवलत उलटली होती. पुढचा टप्पा ३० दिवसांचा, दंड भरून नाव सोडवायचा. त्यानंतर ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते नाव जगात कुणालाही घेता येतं. नाना दर थोड्या वेळाने यायचे, स्क्रीनकडे बघायचे आणि काही न बोलता काट्याकडे परत जायचे.

नाव हाती आलं. परत गेलेले मेल काही आले नाहीत.

मनातून मला वाटत होतं की आता नाना म्हणतील, ताई, तुमचं बरोबर होतं. नाना म्हणाले, "रॉटरडॅमवाल्याचा व्हॉट्सॲप नंबर पुतण्याकडं होताच. कागद तिथं पाठवले, माल गेला." मग दंडाची पावती घडी करत, "साइट राहू द्या. मेल तेवढा चालू ठेवा."

हे मला लागलं, अजूनही लागतं. त्या महिन्याभरात आणखी कुणी नव्या माणसाने मेल केला असेल, तो परत गेला असेल, आणि त्याने दुसऱ्या कुणाची द्राक्षं घेतली असतील. असेल. पण न आलेल्या मेलचा हिशोब नानांपुढे कसा मांडायचा?

पंचविशीतल्या माझ्याकडे याचं उत्तर होतं. ती प्रत्येकाला ऐकवायची की बाकी सगळं परक्याचं, स्वतःची साइट तेवढी आपली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सहाएक तास बंद पडले तेव्हा मला कोण आनंद झाला होता! स्टेटस टाकणार होते, पण टाकायचं कुठे? मार्च २०२४ मध्ये गुगलने बिझनेस प्रोफाइलवरच्या फुकट साइट बंद केल्या, तेव्हा 'गुगल फुकट देतं' म्हणणारे काहीजण माझ्याकडे आले. तेव्हाही बरं वाटलं.

पण तिला आता विचारावंसं वाटतं, बाई गं, आपलं म्हणजे नक्की काय? नाव मुदतीचं, होस्टिंग भाड्याचं, सर्टिफिकेट दिवसांवर मोजलेलं. आणि फेसबुकची यंत्रणा तर त्यांची स्वतःचीच होती. ती पडली देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे. मी ज्याचे पैसे मागते, त्या देखभालीच्या वेळी! ती म्हणेल, होस्टिंग आवडलं नाही तर साइट उचलून दुसरीकडे नेता येते, नाव तेच राहतं, इन्स्टाचे फॉलोअर असे नेता येतात का? हे मला मान्य आहे. मात्र नेणारं कुणीतरी लागतं आणि ते कुणीतरी बिल देतं, म्हणजे आम्ही दोघी फिरून बिलापाशीच.

आता नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं. पंचवटीतल्या एका लॉजवाल्यांना "२०२७ पुरती" बुकिंगची साइट हवी आहे, मेळा झाला की बंद. मी म्हटलं, साइट बंद करा, नाव सोडू नका. सोडलेली नावं उचलून त्यांवर जुगाराच्या जाहिराती लावणारे असतात आणि तुमचं कार्ड तोवर हजारो भाविकांच्या पाकिटात गेलेलं असेल. ते म्हणाले, "मॅडम, घाबरवताय का?" थोडं घाबरवतच होते. या वेळी कोटेशनमध्ये नावाचे १० वर्षांचे पैसे वेगळे लिहिलेत, नोंदणी त्यांच्या नावावर, संपर्काचा मेल दुसऱ्याच डोमेनवरचा, आणि माझी रक्कम खालच्या ओळीत. त्या ओळीवर घासाघीस चालू आहे.