१२७ चं चाक

आपल्या आयटीआयच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असा ग्रुपवर तीनदा मेसेज आला, तिसऱ्यांदा तर माझं नाव घालून, म्हणून शेवटी नातवाचा टॅब घेऊन बसलोय. शुद्धलेखनाचं काही खरं नाही, संपादक मंडळाने बघून घ्यावं.

मी १९६६ च्या बॅचचा, ट्रेड टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. सर्टिफिकेटावर कातारी. हे कातारी, जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर), तारतंत्री (वायरमन) वगैरे शब्द सरकारने कुठून शोधून काढले माहीत नाही पण माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी ‘मुलगा कातारी’ ऐकलं आणि त्यांना वाटलं कातडी कमावतो की काय, मध्यस्थाला दोन तास समजावत बसावं लागलं. आमच्या मास्तरांच्या ऑर्डरीवर ‘शिल्प निदेशक’ (म्हणजे इन्स्ट्रक्टर) असायचं. एकानेही कधी कोणाला निदेशक म्हटलेलं मी ऐकलं नाही. सर म्हणायचो, माघारी मास्तर, आणि गावातले लोक सरळ मिस्त्री म्हणायचे, त्याचं मास्तरांना वाईट वाटायचं ते आम्हाला तेव्हा कळत नव्हतं.

इमारत, ग्राउंड, गॅदरिंग याच्यावर बाकीचे लिहितीलच. मला आपले मास्तर कुठून कुठून आले होते ते लिहायचंय, कारण ते आता कोणाला माहीत नाही आणि माहीत असलेले आम्ही आठ-दहा जण उरलोय.

तेव्हा तयार इन्स्ट्रक्टर असा मिळत नव्हताच. ही आयटीआयची सगळी भानगड मुळात सुरू झाली ती १९४५ ला लढाई संपल्यावर सुटून आलेल्या सैनिकांना काही काम शिकवावं म्हणून, मग फाळणी झाली, निर्वासितांना घेतलं, आणि १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजना म्हणून आपल्यासारख्या सगळ्यांना. ही हिस्ट्री मी पुस्तकात फार उशिरा वाचली. पण वाचताना हसू आलं, कारण हे सगळे टप्पे आमच्या वर्कशॉपात खाकी एप्रन घालून हिंडत होते.

मोटर मेकॅनिकचे सर मिलिटरीतले, ईएमईचे (लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा), ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. त्यांच्या सेक्शनला भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक पान्याचा पांढऱ्या रंगाने काढलेला आकार, संध्याकाळी एक जरी आकार रिकामा दिसला तर अख्खी बॅच उभी, ‘जवान, सोळा नंबर किधर है’, आणि सोळा नंबर सापडेपर्यंत कोणाची सायकल हलायची नाही. वायरमनचे सर सिंधी. कराचीहून बोटीने मुंबई, तिथून कल्याण कॅम्प म्हणजे आताचं उल्हासनगर, आणि मग आमच्याकडे. मराठी शेवटपर्यंत मोडकंच राहिलं, पण वायरिंग असं सरळ की ओळंबा लावून बघावा. वायरमध्ये करंट आहे का ते हाताच्या उलट्या बाजूने बघायचे, म्हणजे शॉक बसला तर मूठ वळते पण वायर धरली जात नाही. (आता कोणी हे करू नये, टेस्टर स्वस्त आहे.)

फिटरचे सर कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधले, बार्शी लाइट रेल्वेचे. अडीच फुटी गाडी. १९५४ ला सरकारने ती लाइन घेतली तेव्हा ते तिथेच होते. त्यांचं सगळं मोजमाप सुतात, आठ सूत म्हणजे एक इंच, आणि बारीक काम असेल तर थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. देशात मेट्रिक आलेलं, आमच्या ड्रॉइंगवर सगळं मिलिमीटर, आणि सर म्हणायचे ‘दोन सूत अजून काढ’. मग आमचं मनातल्या मनात गणित, सूत म्हणजे सव्वातीनच्या जरा आत, दोन सूत म्हणजे सव्वासहा-साडेसहाच्या मधलं काहीतरी. मला वाटतं आमच्या बॅचचं गणित कॅल्क्युलेशनच्या तासापेक्षा ह्या सुतामुळे जास्त सुधारलं. ते येता-जाता कुठल्याही लोखंडावर हातोडीने टक करून आवाज ऐकायचे, रेल्वेची सवय, चाकाला तडा असेल तर आवाज बद्द येतो. एकदा नव्या व्हाइसवर (जॉब पकडायच्या शिकंज्यावर) टक केलं आणि म्हणाले परत पाठवा. खरंच आत बारीक तडा होता.

सुतारकामाचे सर शेजारच्याच गावचे, पिढीजात. चौथी पास. आम्हा टर्नर-फिटरना श्रिंकेज फिट (तापवून फुगवलेलं लोखंड बसवायचं, थंड झालं की आवळतं) पुस्तकातून कळेना म्हणून फिटरच्या सरांनी आम्हाला त्यांच्याकडे पाठवलं, आणि त्यांनी मागच्या अंगणात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवून दाखवली. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल केली, चौघांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवली, धूर, पाणी, चर्रर्र, आणि तुंब्यापासून सगळे आरे कर्रकन आवाज करत आवळले. ‘धाव चाकापेक्षा एक बोट कमी घ्यायची, त्याहून कमी घेतली तर आरे मोडतात’, एवढं एकच वाक्य बोलले.

आता आमचे टर्नरचे सर.

सोलापुरात एका मिलच्या वर्कशॉपला चौदाव्या वर्षी हेल्पर म्हणून लागलेले. वडील त्याच मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर. मिलला घरघर लागल्यावर इकडे आले. सातवी झालेली, इंग्रजी मशीनच्या पाटीवरचं वाचण्यापुरतं. सगळी जिंदगी विटवर्थ आटे (स्क्रूचे, इंचाच्या मापाचे, ५५ अंशाचे) काढण्यात गेलेली, त्यामुळे हात सवयीने टूल ५५ अंशालाच घासायचा, मग स्वतःच जीभ चावायचे आणि ‘साहेबाचं राज्य गेलं पण हातातनं जात नाही’ म्हणत गेज लावून परत मेट्रिकचं ६० अंशाचं करायचे.

आमचं लेथ जुनं, इंचाचं, लीडस्क्रूला (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आटे. परीक्षेत जॉब मेट्रिक. तर त्यासाठी कपाटात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून एक मोठं गिअर ठेवलेलं असायचं, १२७ दातांचं. त्याला हात लावायची परवानगी फक्त सरांना. दीड मिलिमीटरचा आटा काढायचा तर ३० चं आणि १२७ चं, दोनचा तर ४० चं आणि १२७ चं, हे त्यांना तोंडपाठ. पण १२७ च का? विचारलं की म्हणायचे, ‘ते तसंच असतंय’.

कॅल्क्युलेशनला त्या वर्षी एक नवीन सर आले, डिप्लोमा होल्डर, बावीस वर्षांचे, आमच्यातले दोघं-तिघं त्यांच्यापेक्षा मोठे. मिशी नुकतीच ठेवलेली. पोरं फार छळायची. त्यांना आम्ही हाच प्रश्न टाकला, फजिती करायला. ते दोन मिनिटं फळ्याकडे बघत राहिले आणि मग लिहिलं, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, गिअरला अर्धा दात पाडता येत नाही म्हणून पाचाने गुणा, १२७, आणि १२७ ला कशाने भाग जात नाही म्हणून त्याच्यापेक्षा लहान चाकाने बिनचूक मेट्रिक निघतच नाही. मी तसाच पळत शॉपमध्ये गेलो आणि टर्नरच्या सरांना सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं. खडूने लेथच्या बेडवर पाच पंचवीस, पाच पंचे असं करत स्वतः गुणाकार करून बघितला, चारचा दशांश अडला, तो मी करून दिला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्या पोरगेल्या सरांच्या शेजारी जाऊन बसले, आणि तिथून पुढे दोघं रोज एकत्र जेवायचे. धाकटे त्यांना मामा म्हणायला लागले. मामांनी त्यांना लेथ शिकवलं, त्यांनी मामांना दशांश.

पुढे मामांना ट्रेनिंगला पाठवलं, मुंबईला चुनाभट्टीत इन्स्ट्रक्टरांना शिकवायची केंद्र सरकारची संस्था निघाली होती तिथे, वयाची पंचेचाळिशी उलटलेली. परत आले ते लेसन प्लॅनची वही घेऊन. पहिल्या दिवशी फळ्यावर ‘उद्देश’ असं लिहिलं, खाली एक, दोन, तीन आकडे टाकले, आमच्याकडे बघितलं, आकडे पुसले आणि म्हणाले चला मशीनवर. ‘उद्देश’ मात्र चार दिवस फळ्यावर तसाच होता.

माझी एक चूक सांगतो. इंचाच्या लेथवर मेट्रिक आटा काढताना हाफ नट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारी पकड) मधेच सोडायचा नसतो, मशीन उलटं फिरवूनच टूल मागे आणायचं, नाहीतर पुढचा कट वेगळ्या जागी पडतो. मामांनी हे शंभरदा सांगितलेलं. टेस्टच्या दिवशी घाईत मी लिव्हर उचलला. पुढच्या कटला आट्यावर आटा, जॉब भुईसपाट. मी रडायच्या बेताला. मामांनी जॉब काढला, बोट फिरवलं, एप्रनच्या खिशात टाकला, काही बोलले नाहीत. मार्क शून्य. पण पुढच्या बॅचला तोच जॉब हातात देऊन ते शिकवायचे असं नंतर ज्युनिअर पोरांकडून कळलं, नाव सांगायचे नाहीत, ‘एका हुशार पोराने केलंय’ म्हणायचे. ते ‘हुशार’ मला आजपर्यंत पुरलंय. पुढे चिंचवडला छत्तीस वर्षं नोकरी केली, पण हाफ नटला हात लावताना तो खिसा आठवायचा.

मागच्या महिन्यात मीटिंगला आलो तेव्हा टर्नर सेक्शनला डोकावलो. आता सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आहे, एसी आहे. निदेशक म्हणून एक मुलगी आहे, मेकॅनिकल इंजिनिअर. (वडील कुर्डुवाडीला रेल्वेत होते म्हणाली. मी म्हटलं बघ, परत तेच.) जुनं कपाट कोपऱ्यात आहे. खालच्या कप्प्यात फडकं नव्हतं पण चाक होतं, त्याच्यावर कोणीतरी रंगाचा डबा ठेवत असणार, गोल डाग पडलेला. तिला म्हटलं किती दात सांग. तिने खडूने एका दातावर खूण केली आणि मोजायला लागली, १२६ आले. मी म्हटलं एक कमी आहे. ‘नाही काका, १२६ च आहेत,’ म्हणाली, आणि खूण पुसून परत पहिल्यापासून सुरू केलं.