दाबोळीवर एआय विमानं दिसेनात तेव्हा

एफएसएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, यात गोव्याचा दाबोळी विमानतळ उघडला आणि एप्रन (विमानं उभी करायची जागा) रिकामा दिसला की बहुतेक जण ट्रॅफिकचा, म्हणजे संगणकानं चालवलेल्या एआय विमानांचा, स्लायडर शंभरावर नेतात. फ्रेमरेट बसतो, चित्र अडखळतं, विमानं काही येत नाहीत. मी स्लायडरला हात लावायच्या आधी विमान नेमकं कुठे हरवतंय ते बघतो: उगवतच नाही, उतरल्यावर नाहीसं होतं, की उतरायलाच मागत नाही. तिन्हींची कारणं वेगवेगळ्या फायलींत असतात.

उगवतच नसेल तर पहिल्यांदा घड्याळ. फ्लाइट प्लॅनमधल्या, म्हणजे एआय विमानांच्या वेळापत्रकातल्या, वेळा यूटीसी असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले सकाळचे ८ म्हणजे तिथे ०२:३०. आठवड्याच्या वेळापत्रकात गोची अशी की आपल्या सोमवारी पहाटे ३ ला सुटणारं विमान प्लॅनमध्ये रविवारी २१:३० ला असतं. मध्यरात्र ते साडेपाच या पट्ट्यातली सगळी विमानं अशी एक दिवस मागे लिहावी लागतात. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. नौदलाच्या सरावासाठी आठवड्यातले बरेच दिवस सकाळचे काही तास नागरी विमानांना बंद असायचे. त्या काळच्या वेळापत्रकावरून केलेल्या ट्रॅफिक पॅकेजमध्ये सकाळी दहाला एप्रन ओकाबोका दिसला तर तो दोष नव्हे.

घड्याळ बरोबर असेल तर ट्रॅफिकच्या बीजीएल फायली, म्हणजे सिम्युलेटरला वाचता येईल अशा रूपातले प्लॅन. एफएसएक्सची एक खोड पक्की लक्षात ठेवावी: चालू असलेल्या कुठल्याही सीनरी (विमानतळ आणि भूभागाच्या) फोल्डरमध्ये एफएस २००४ या आधीच्या आवृत्तीच्या जुन्या फॉरमॅटची एक जरी ट्रॅफिक फाईल सापडली, तरी नव्या फॉरमॅटची सगळी विमानं गप्प बसतात. एखादं जुनं फुकट पॅकेज टाकलं आणि बाकी आकाश रिकामं झालं, तर नव्वद टक्के कारण हेच. ‘सीनरी, वर्ल्ड, सीनरी’ या फोल्डरबरोबर अॅडऑनचे, म्हणजे वरून टाकलेल्या भरीचेही, फोल्डर शोधायचे. एआय फ्लाइट प्लॅनर, म्हणजे एआयएफपी, हे फुकट साधन फाईल उघडल्यावर फॉरमॅट सांगतं आणि बदलूनही देतं. संशयित फाईल पुसू नका. नावाच्या शेवटी .ऑफ जोडा आणि सिम्युलेटर पुन्हा सुरू करा. स्लायडर आता बघायचा: प्लॅनमध्ये विमानापुढे ४५ टक्के लिहिलं असेल, तर स्लायडर ४५ च्या खाली असताना ते येणारच नाही.

उतरून धावपट्टीवरच विमान विरघळलं तर पार्किंग. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग हाच. प्रत्येक जागेला त्रिज्या दिलेली असते आणि विमान त्या वर्तुळात बसलं पाहिजे. शार्कलेटवाल्या (पंखांची टोकं वर वळलेल्या) ए-३२० च्या पंखांचा विस्तार ३५.८ मीटर, म्हणजे निम्मा १७.९. जागा १६ मीटरची असेल तर ते तिथे कधीच उभं राहणार नाही, १८ हवी. एटीआर-७२ चा विस्तार सुमारे २७ मीटर, त्याला १४ पुरते. म्हणून एटीआर येतंय आणि ए-३२० येत नाही असं दिसलं की मी सरळ एअरपोर्ट डिझाइन एडिटर हे विमानतळाचा आराखडा बदलायचं साधन उघडून त्रिज्या वाढवतो. शेजारच्या वर्तुळांचा एकमेकांना धक्का लागत नाही ना, एवढं बघायचं. मग विमानाच्या एअरक्राफ्ट डॉट सीएफजी फाईलमधले पार्किंग कोड, म्हणजे कुठल्या कंपनीचं विमान कुठल्या जागी जायचं ते ठरवणारे: इंडिगोला आयजीओ, एअर इंडियाला एआयसी. कोड चुकला तर विमान नाहीसं होत नाही, भलत्याच जागी जाऊन उभं राहतं. त्रिज्या आणि कोड दोन्ही ठीक असूनही विमान जात असेल तर टॅक्सीवेचा (धावपट्टी ते एप्रन या रस्त्याचा) एखादा नोड, म्हणजे सांधा, तुटलेला असतो. डोळ्यांना रेघा जुळलेल्या दिसतात, आत जोड नसतो. त्याच एडिटरचा फॉल्ट फाइंडर चालवा.

एकच विमानतळ दोन फायलींत असेल तर विमानं गवतातून, कधी टर्मिनलच्या भिंतीतून चालतात, नाहीतर जमिनीपासून वर तरंगतात. व्हीओजीओ (दाबोळीचा कोड) नावाची फाईल सगळ्या अॅडऑनमध्ये शोधून एकच ठेवा.

उतरायला येऊन पुन्हा वर जाणाऱ्या विमानांचं कारण बहुधा धावपट्टी मोकळी न होणं. पश्चिमेच्या वाऱ्यात २६ क्रमांकाची धावपट्टी वापरात असते. समांतर टॅक्सीवे अपुरा दाखवला असेल तर उतरलेलं विमान धावपट्टीवरूनच मागे फिरतं आणि मागचं बिचारं घिरट्या घालतं. होल्ड शॉर्टचे, म्हणजे धावपट्टीआधी थांबायचे, नोड धावपट्टीला फार चिकटले असले तरी हेच होतं. ते थोडे मागे सारा, आणि प्लॅनमधल्या दोन आगमनांत अंतर वाढवा. कोण अडकलंय ते एसडीके या एफएसएक्सच्या साधनसंचातल्या ट्रॅफिक एक्स्प्लोररमध्ये दिसतं.

राहिला मोपा, गोव्याचा दुसरा विमानतळ. ५ जानेवारी २०२३ ला तिथून विमानसेवा सुरू झाली, आणि एफएसएक्स आहे २००६ चं. नव्या वेळापत्रकात गोव्याची बरीच विमानं व्हीओजीए या कोडवर असतात. तो विमानतळच सिम्युलेटरमध्ये नसल्यानं ती उगवत नाहीत, आणि लोक दोष दाबोळीत शोधत बसतात. मोपाची सीनरी टाका, तो विमानतळ एआयएफपीच्या यादीत आलाय का बघा, मगच प्लॅन पुन्हा कंपाइल करा, म्हणजे त्याची बीजीएल फाईल बनवा. सीनरी नकोच असेल तर प्लॅनच्या मजकुरात व्हीओजीएच्या जागी व्हीओजीओ घाला. पण मग दोन विमानतळांची गर्दी एकाच एप्रनवर येते, तेव्हा १८ मीटरच्या जागा आधी मोजून घ्या.