भिंग बदलतं, पडदा बदलत नाही

“आवं ताई, भिंग बदलतासा, मग पडदा का न्हाई बदलत?”

आमच्या ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा छेद दाखवणाऱ्या यंत्राच्या, खोलीत हा प्रश्न सारखा येतो. विचारणारे बहुतेक सत्तरीपुढचे मामा, शाहूवाडी-पन्हाळ्याकडून एसटीनं आलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलेलं असतं, पट्टी काढल्यावर लखलखीत दिसलेलं असतं, आणि आता परत समोरच्या माणसाच्या तोंडावरच धूसर डाग यायला लागलेला असतो. हा डाग पडद्याच्या मधल्या ठिपक्याच्या, म्हणजे मॅक्युलाच्या, झिजेचा. एकदा पैसे भरून नीट केलेला डोळा पुन्हा का बिघडावा, हा त्यांचा राग रास्तच आहे.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी. कोल्हापुरात पडद्याच्या एका डॉक्टरांकडे काम करते. दिवसभर माझं पालुपद एकच: हनुवटी टेकवा, कपाळ पुढं लावा, फुलीकडं बघा, हलू नका. काही सेकंदांत स्क्रीनवर पडद्याचा उभा छेद येतो. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी परत येतात, इथं अवरक्त प्रकाश परत येतो. १९९१ साली हे तंत्र जगासमोर आलं, त्याआधी जिवंत माणसाच्या पडद्याचे थर असे बघताच येत नव्हते. जेमतेम पाव मिलिमीटर जाडी, आणि तेवढ्यात सगळे थर एकावर एक.

मामांना मी सांगते, भिंग म्हणजे पारदर्शक प्रथिनांचा गोळा. त्यात ना रक्तवाहिनी, ना नस. काढलं, दुसरं बसवलं, झालं. पडदा मात्र मेंदू आहे. “म्हंजे मेंदूला चिकटल्याला?” चिकटलेला नव्हे, मेंदूच. गर्भ चारेक आठवड्यांचा असताना मेंदू होऊ घातलेल्या नळीतून दोन बाजूंना दोन फुगवटे बाहेर येतात, ते आत दुमडतात आणि त्यांचाच पडदा होतो. त्याच्यापासून मागं जाणाऱ्या नसेत दहा लाखांवर तंतू असतात. एकदा ते मेले की मेंदूतल्या तंतूंसारखेच परत उगवत नाहीत. मग बदलायचं काय आणि जोडायचं कुठं?

इथपर्यंत मामांना पटतं. खरी गंमत पुढं आहे, पण ती ऐकायला त्यांना वेळ नसतो, कारण साडेचारची गाडी गाठायची असते. म्हणून ती इथं लिहिते.

माणूस ७८ वर्षांचा, तर त्याचा पडदा किती वर्षांचा? मेंदूच्या बाबतीत हा प्रश्न स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटानं भारी युक्तीनं सोडवला. १९५५ ते १९६३ या काळात जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळं हवेतला कार्बन-१४, हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढला आणि १९६३ च्या चाचणीबंदीच्या करारानंतर उतरत गेला. पेशी जन्मताना तिच्या डीएनएत त्या वर्षीचा कार्बन जातो, म्हणजे जन्मतारीख आतच लिहिलेली राहते. ती वाचल्यावर कळलं की मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी माणसाइतक्याच जुन्या असतात. त्वचा, रक्त, आतडं सतत नवं होतं. या पेशी मात्र बारशापासून तिरडीपर्यंत त्याच.

पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशीही विभागत नाहीत. पण त्यांचं एक टोक कायम कोरं असतं. पेशीच्या शेंड्याकडं चकत्यांची चळत असते, तिच्यात प्रकाश पकडणारं रंगद्रव्य असतं. तळाशी रोज नव्या चकत्या तयार होतात, वरच्या झडतात, आणि साधारण दहा दिवसांत सगळी चळत बदलते. एकाच पेशीचं केंद्रक ७८ वर्षांचं आणि शेंडा दहा दिवसांचा! सरकारी कागदावर माणसाचं वय एकच लिहितात, ते सोयीसाठी.

झडलेल्या चकत्या जातात कुठं? पडद्यामागं रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक पदरी थर आहे. त्यातली एकेक पेशी दोन-तीन डझन प्रकाशपेशींचं झडलेलं रोज गिळते आणि पचवते. उजाडल्यानंतर हे काम सगळ्यात जोरात चालतं. या थरातल्या पेशीही विभागत नाहीत. जी पेशी विभागते ती निदान आपला कचरा दोन लेकींत वाटून देते, हिला ती सोय नाही. सत्तर वर्षं रोज जेवण आणि घरातून कचरा बाहेर टाकायला वाव नाही. न पचलेलं पेशीच्या पोटातच साठत जातं. त्या पिवळट-तपकिरी साठ्याला लायपोफ्युसिन म्हणतात. म्हाताऱ्या मेंदूच्या चेतापेशींतही ते साठतं, हृदयाच्या स्नायूतही साठतं, पण तिथलं मला दिसत नाही. डोळ्यातलं दिसतं, कारण विशिष्ट रंगाचा प्रकाश टाकला की ते स्वतः चमकतं. त्या फोटोत जिथं जास्त चमकतं तिथं साठा फार झालाय, आणि जिथं मिट्ट काळं तिथं ती पेशीच गेली. माझ्या कामातले हे सगळ्यात प्रामाणिक फोटो. ओसीटीचा आलेख कधी हलतो, कधी पापणी मधे येते. ही चमक मात्र पेशंटच्या आयुष्याचा हिशेब सरळ समोर ठेवते.

या थराच्या खाली एक पातळ पापुद्रा आणि त्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं. वयाबरोबर पापुद्रा जाड होतो, त्यात चरबी साठते, आणि पुढं पडद्याखाली पिवळे ठिपके दिसायला लागतात. रिपोर्टात त्यांना ड्रूसेन लिहितात. अल्झायमरच्या मेंदूत ज्या अमायलॉइड बीटा प्रथिनाची गठुळं होतात, तेच या ठिपक्यांतही सापडलेलं आहे. एवढ्यावरून ‘ठिपके दिसले, आता विसरायला होणार’ असा निष्कर्ष कुणी काढू नका. एका पेशंटच्या सुनेनं तो काढला होता आणि बिचाऱ्या सासूबाईंनी आठवडाभर घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस पाठ म्हणून दाखवले.

अंधाराचंही असंच. कितीतरी आज्या सांगतात, दिवसा सुई ओवता येते पण लाईट गेली की दाराची चौकट सापडत नाही. मोतीबिंदू काढलेला, चष्म्याचा नंबर बरोबर, तक्त्यावर शेवटची ओळ वाचलेली. घरचे म्हणतात, नाटकं. नाटकं नव्हेत. माणसाच्या पडद्यात अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी ९ कोटींच्या आसपास आणि रंग, बारकावे बघणाऱ्या शंकूपेशी ४५ लाखांच्या आसपास. अमेरिकेत क्रिस्टीन कर्सिओ यांनी मरणोत्तर दान केलेले डोळे घेऊन पेशी अक्षरशः मोजल्या. वाचनाच्या मध्यबिंदूतल्या शंकूपेशी नव्वदीतही जवळपास तेवढ्याच, पण त्याच्या भोवतालच्या दंडपेशी ३० टक्क्यांच्या घरात कमी झालेल्या. शिवाय उरलेल्या दंडपेशींना उजेडातून अंधारात गेल्यावर लागणारं अ जीवनसत्त्व त्या चरबट पापुद्र्यातून यावं लागतं, ते उशिरा पोचतं. म्हणजे शेजारी-शेजारी बसलेल्या, एकाच पडद्यातल्या दोन जातीच्या पेशी, एक टिकते आणि एक जाते.

आता माझ्या भाच्याकडं येते. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे आणि दर थोड्या दिवसांनी मला एकच बातमी पाठवतो: हार्वर्डमध्ये डोळ्याचं वय उलटं फिरवलं. बातमी खोटी नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये युआनचेंग लू, डेव्हिड सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांचा तो शोधनिबंध आला. पण तो समजायला आधी जनुकांवरच्या खुणांबद्दल थोडं सांगावं लागेल.

पडद्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए तोच. फरक पडतो तो कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद, यानं. डीएनएतल्या सायटोसीन या अक्षरावर मिथाइलची बारीक खूण चिकटते, आणि डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो ती कुठं घट्ट, कुठं सैल असतात. उसाच्या शेतात दारं धरायला गेलेल्यांना हे लगेच कळेल. पाट तोच, पाणी तेच, कुठल्या सरीला सोडायचं आणि कुठलं दार मातीनं बुजवायचं हे धरणाऱ्यावर. वय वाढतं तसे बांध झिजतात. नको त्या सरीत पाणी झिरपतं आणि पाहिजे ती कोरडी राहते. शेत तेच असतं, मोडतात ती दारं.

ही झीज इतकी ठरावीक असते की तिच्यावरून वय सांगता येतं. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागांच्या खुणा वाचून वय काढणारं गणित मांडलं. त्याच गणितानं दोन वर्षांनी दाखवलं की मेंदूच्या मागचा-खालचा भाग, अनुमस्तिष्क, बाकीच्या शरीरापेक्षा सावकाश म्हातारा होतो. शंभरी पार केलेल्यांत तो १५ वर्षांच्या आसपास तरुण निघाला. परत तेच: एका माणसाची अनेक वयं.

हार्वर्डवाल्यांनी काय केलं? क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकं वापरून उंदराच्या प्रौढ पेशीला पुन्हा मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, केलं होतं, २०१२ चं नोबेल त्यासाठीच. त्या चारांपैकी सी-मिक कर्करोगाला चालना देतं, म्हणून ते वगळलं. उरलेली तीन, म्हणजे ऑक्ट-४, सॉक्स-२ आणि केएलएफ-४, निरुपद्रवी विषाणूत भरून उंदराच्या डोळ्यात सोडली. नस चिरडलेल्या उंदरांत तंतू पुन्हा वाढले. डोळ्यातला दाब वाढवून काचबिंदू केलेल्यांची आणि वर्षभराच्या उतारवयीन उंदरांची नजर सुधारली. पेशी मूळपेशीपर्यंत मागं न जाता पडद्याचीच राहिली. आणि मिथाइलची खूण काढायला मदत करणारी टेट-१, टेट-२ ही विकरं बंद केली की परिणाम नाहीसा झाला. मला सगळ्यात महत्त्वाचा हा शेवटचा धागा वाटतो. खुणा वयाबरोबर नुसत्या बदलत नाहीत, म्हातारपण घडवण्यात त्यांचा हात असावा, असं म्हणायला त्यामुळं जागा होते.

भाच्याला मी एकच विचारते: उंदराच्या डोळ्यात मॅक्युला दाखव. नसतोच. वाचन, चेहरे, भाकरीवरचा करपलेला डाग, हे सगळं ज्या मधल्या ठिपक्यानं दिसतं तो उंदराला दिलेलाच नाही. हा प्रयोग नसेचे तंतू सोडणाऱ्या गँग्लिऑन पेशींवरचा. काचबिंदूत त्याच मरतात, तेव्हा त्या पेशंटांनी या संशोधनाकडं आशेनं बघायला माझी काहीच हरकत नाही. पण ओसीटीपुढं बसलेल्या मामांचं दुखणं मॅक्युलातलं, कचरा गिळणाऱ्या थरातलं. तिथं वेगळीच साखळी चालते. २००५ मध्ये कळलं की रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच या प्रथिनात ४०२ व्या जागी टायरोसीन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडीन आलं की मॅक्युला झिजण्याचा धोका बराच वाढतो. त्या यंत्रणेला लगाम घालणारं हे प्रथिन. लगाम ढिला पडला की साठलेल्या कचऱ्यावर हल्ला सुरू होतो आणि त्यात चांगलं कातडंही सोलून निघतं. मेंदूतही मायक्रोग्लिया या राखणदार पेशी म्हातारपणी अशाच कावऱ्याबावऱ्या होतात.

मग मी मामांना विडीचं विचारते. सगळे ‘कवाच सोडली’ म्हणतात, मुलगा मागून मान हलवतो. विडी-सिगारेट हे मॅक्युलाच्या झिजेचं असं कारण आहे की जे आपल्या हातात आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर या जनुकावरची मिथाइलची खूण ठळकपणे कमी झालेली दिसते आणि सोडल्यावर हळूहळू, वर्षानुवर्षांनी, माघारी येते. वय उलटं फिरवायचं तर एवढं आजच फिरवता येतं, फुकट.

गोळ्यांबद्दलही याच रांगेत सांगते. २००१ च्या अमेरिकी अभ्यासात, मॅक्युलाची झीज मध्यम टप्प्यावर असलेल्यांत ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्या गोळ्यांनी पाच वर्षांत रोग पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका २५ टक्क्यांच्या आसपास घटला. सुरुवातीच्या टप्प्यावर उपयोग दिसला नाही. त्या पहिल्या गोळीत बीटा-कॅरोटीन होतं, ते विडी-सिगारेटवाल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. २०१३ च्या पुढच्या अभ्यासानंतर त्याच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन आलं. म्हणून डबीवरची बारीक अक्षरं वाचा, नजर नसेल तर नातवाला वाचायला लावा.

भाच्यानं मागच्या वेळी बातमीच्या जोडीला एका दवाखान्याची जाहिरातही पाठवली: स्टेम सेल, पडदा नवा, वय परत. त्याला मी फ्लोरिडाची हकीकत पाठवली. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेली. मॅक्युला झिजलेल्या, ७२ ते ८८ वयाच्या तीन बायका. त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. जाताना डाग होता, पण चालता-फिरता येण्याइतकं दिसत होतं. नंतर पडदे सुटले, रक्तस्राव झाला, नजर जवळजवळ गेली. प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेतले होते. औषधाची खरी चाचणी असेल तर पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, दोन्ही डोळे एकदम धरत नाहीत, आणि आपल्याकडं तिची नोंद सीटीआरआय या सरकारी यादीत असावीच लागते. नोंदणीचा नंबर मागा. दिला नाही तर चहा न पिता उठा.