‘रीस्टार्ट नाऊ’ दाबण्याआधी

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या तीन अडत दुकानांतले संगणक मी सांभाळतो. गेल्या मार्चमध्ये सौदे ऐन भरात असताना त्यातल्या एका दुकानात सकाळी नवा प्रिंटर आला. दिवाणजींनी त्याचे सॉफ्टवेअर बसवले आणि शेवटी ‘बदल पूर्ण होण्यासाठी संगणक रीस्टार्ट करा’ असा मेसेज आल्यावर समोर दिसणारे ‘रीस्टार्ट नाऊ’ हे बटण दाबले. संगणक जुना, हार्ड डिस्क संथ, आणि कित्येक दिवस साठून राहिलेले विंडोजचे अपडेटही त्याच वेळी बसू लागले. बाहेरच्या बाकावर जत आणि कवठेमहांकाळकडचे शेतकरी बसले होते. त्यांच्या मालाचे वजन झाले होते, भाव ठरला होता, फक्त हमाली-तोलाई वजा करून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, हातात पडायची राहिली होती. पडद्यावरचा आकडा सत्तावीस टक्क्यांवर अडकला आणि तिथेच बसला. मी पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला होता आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गावाकडची एसटी चुकली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात त्याच जातीचा प्रिंटर बसवण्याचे काम माझ्याकडे आले. तोच मेसेज आला. मी ‘नंतर’ असे उत्तर देऊन ‘सर्व्हिसेस’ ही विंडोजच्या पडद्याआड चालणाऱ्या सेवांची यादी उघडली, तिच्यातील ‘प्रिंट स्पूलर’ ही छपाई सांभाळणारी सेवा तेवढी रीस्टार्ट केली आणि चाचणीचे पान छापले. सगळे मिळून मिनिटभराचे काम होते, आणि दिवाणजींची अर्धवट भरलेली पट्टी पडद्यावर तशीच उघडी होती. आदल्या दिवशीचा तो पाऊण तास वाचवता आला असता, ही गोष्ट मला तेव्हापासून सलत राहिली आहे आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

संगणक रीस्टार्ट मागतो त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते. दिवाणजी ज्या खतावणीत लिहीत बसले आहेत, ती त्यांच्या हाताखालून काढून तिच्या जागी नवी ठेवता येत नाही. विंडोजमध्ये चालू असलेल्या प्रोग्रामच्या फायलींचे नेमके असेच असते. फाईल वापरात आहे तोवर ती बदलू दिली जात नाही. मग इन्स्टॉलर नवी फाईल बाजूला ठेवतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, ‘पेंडिंग फाईल रिनेम ऑपरेशन्स’ या नावाखाली नोंद करतो की, पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना जुनीच्या जागी ही ठेवावी. यंत्र सुरू होण्याच्या अगदी आरंभी, कोणताही प्रोग्राम उघडण्यापूर्वी, ही अदलाबदल होते. म्हणजे रीस्टार्ट हा फाईल कोणाच्याही हातात नसण्याचा हमखास क्षण आहे, इतकेच. तो क्षण आपण आधीच साधला, तर बऱ्याच वेळा रीस्टार्टची गरजच उरत नाही.

त्यासाठी सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी त्याच्याशी संबंधित सर्व प्रोग्राम बंद करावेत, आणि ते खरोखर बंद झाले आहेत की खाली घड्याळाशेजारच्या लहान चिन्हांमध्ये जाऊन बसले आहेत, हेही पाहावे. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ‘रीस्टार्ट मॅनेजर’ नावाची सोय विंडोजमध्ये आहे. ती वापरणारा इन्स्टॉलर मध्येच थांबून कोणकोणते प्रोग्राम आड येत आहेत त्यांची यादी दाखवतो आणि दोन पर्याय देतो. पहिला म्हणजे, हे प्रोग्राम मी बंद करतो आणि काम झाल्यावर पुन्हा उघडण्याचा प्रयत्न करतो. दुसरा म्हणजे, प्रोग्राम बंद करू नका, मात्र मग रीस्टार्ट लागेल. हे दुसरे वाक्य तिथे स्पष्ट लिहिलेले असते. हातातले काम मोडू नये म्हणून आपली माणसे नेमका हाच पर्याय निवडतात आणि पाच मिनिटांनी त्याहून मोठी मोडतोड पत्करतात. या चौकटीपाशी थांबून, चालू काम सेव्ह करून पहिला पर्याय निवडण्याची सवय लावली, तर निम्मे रीस्टार्ट इथेच टळतील, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

कधी कधी सर्व काही बंद करूनही फाईल अडलेलीच राहते. मध्यंतरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे अपडेट असेच अडले होते. मी विंडोजची कळ दाबून ‘रिसोर्स मॉनिटर’ हे कोणता प्रोग्राम काय वापरतो ते दाखवणारे साधन उघडले आणि ‘सीपीयू’ या भागातील ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत अडलेल्या फाईलचे नाव टाकले. खाली एक्सेलचे नाव आले. पडद्यावर एक्सेल कुठेही दिसत नव्हते. सकाळी अहवाल काढताना ते पडद्याआड सुरू झाले होते आणि तसेच चालू राहिले होते. त्यात न साठवलेले काही नाही याची खात्री करून टास्क मॅनेजर या चालू प्रोग्रामच्या यादीतून ते बंद केले, आणि अपडेट निमूट पुढे सरकले.

फॉन्ट बसवल्यावर तो यादीत दिसत नसेल, तर ज्या प्रोग्राममध्ये मजकूर जुळवतो तो बंद करून उघडणे बहुधा पुरते. टास्कबार किंवा फोल्डरच्या खिडक्या गोठल्या असतील, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून तेवढाच रीस्टार्ट करता येतो. बाकीचे उघडे काम सहसा जागच्या जागी राहते.

घरच्या संगणकावर मी विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती वापरतो. लिनक्समध्ये वापरात असलेल्या फाईलचे नाव काढून त्या जागी नवी फाईल ठेवता येते. चालू प्रोग्राम बंद होईपर्यंत जुनीच प्रत वापरत राहतो. त्यामुळे तिथे बव्हंशी तो प्रोग्राम किंवा ती सेवा पुन्हा सुरू केली की भागते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला तर मात्र उबुंटूही रीस्टार्ट मागतो. मायक्रोसॉफ्टनेही २०२५ पासून विंडोज ११ च्या एंटरप्राइझ आवृत्तीसाठी ‘हॉटपॅच’ आणले आहे, ज्यात सुरक्षेच्या मासिक अपडेटसाठी वर्षाला बाराऐवजी चारच नियोजित रीस्टार्ट लागतात. आमच्या पेठेतील दुकानांत होम किंवा प्रो आवृत्ती असते, तेव्हा तो लाभ अजून आमच्यापर्यंत आलेला नाही.

आता याची दुसरी बाजू तितक्याच कळकळीने सांगायला हवी. विंडोजच्या गाभ्यातील किंवा सुरक्षेच्या मासिक अपडेटचा रीस्टार्ट टाळू नये. असे अपडेट उतरले तरी रीस्टार्ट होईपर्यंत जुनी, भोक असलेली फाईलच चालू असते. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणक ओलीस धरले, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्येच दिलेली होती. ‘नंतर’ हे बटण दोन महिने दाबत राहणे केवढ्याला पडू शकते, हे त्या वेळी दिसून आले. रीस्टार्ट वाचवावा तो प्रिंटरचा, फॉन्टचा, एखाद्या लहानशा प्रोग्रामचा. सुरक्षेचा रीस्टार्ट द्यावा, पण आपल्या सोयीच्या वेळी द्यावा.

ही वेळ ठरवणे अवघड नाही. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. तिकडची सकाळ म्हणजे आपल्याकडची रात्र, उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे सांगलीतल्या दुकानांना त्याची झळ बुधवारी लागते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ म्हणजे कामाचे तास नोंदवता येतात आणि ते अठरा तासांपर्यंत वाढवता येतात. तिन्ही दुकानांत मी ते सकाळी सहा ते रात्री बारा असे करून ठेवले आहेत, म्हणजे सौद्याच्या वेळी यंत्र आपणहून रीस्टार्ट होण्याची धास्ती उरत नाही.

यात एक गैरसमज मात्र दूर करावा लागला. ‘आम्ही रोज संध्याकाळी संगणक बंद करतोच की,’ असे दिवाणजी म्हणाले होते. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे साध्या शटडाऊनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे रीस्टार्टची वाट पाहत असलेले काही बदल रोज शटडाऊन करूनही तसेच पडून राहू शकतात, आणि ते लागू व्हायला ‘रीस्टार्ट’च निवडावे लागते. हे कळल्यापासून त्या बुधवारी शेवटची पट्टी छापून झाली की दिवाणजी ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दाबतात आणि दिवसाची रोकड मोजायला बसतात. रोकड जुळेपर्यंत पडदा परत आलेला असतो.