भरल्या तळ्यांकाठी कुत्र्यांची टोळी: नागपूरभोवतीच्या पावसाळी वाटा

समुद्रकाठच्या खाजणात कुत्री पळवणाऱ्यांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक हाताशी असतं. पाणी केव्हा चढणार, केव्हा उतरणार हे आदल्या दिवशीच ठाऊक असतं. नागपूरभोवतीच्या तळ्या-नद्यांच्या उथळ पाण्यात कुत्र्यांची टोळी पळवणाऱ्या आम्हा मंडळींना ती सोय नाही. इथलं पाणी पावसाचं आणि धरणांचं. शहरात लख्ख ऊन पडलेलं असताना कन्हान नदी दुथडी भरून वाहू शकते, कारण पाऊस पडलेला असतो वर छिंदवाड्याकडे आणि तोतलाडोह, नवेगाव खैरी या धरणांचे दरवाजे उघडलेले असतात. म्हणून पहाटे कुत्री गाडीत चढवण्याआधी आम्ही नागपूरच्या आभाळाकडे बघतोच, पण त्याहून आधी विसर्गाची बातमी बघतो. दरवाजे उघडले असतील तर त्या दिवशी नदीची वाट बंद. मग तळ्याची वाट धरायची.

पाणी किती खोल आहे, हे सगळेच विचारतात. चार पायांवर पळणाऱ्या जनावरासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो तळ कसला आहे हा. कुत्र्याच्या कोपरापर्यंत पाणी आणि खाली मुरूम असेल तर लॅब्रॅडॉर काय, आपलं देशी कुत्रं काय, मजेत धावतं. तेवढंच पाणी काळ्या मातीवर असेल तर तेच कुत्रं दहा पावलांत अडकतं. नागपूरची गंमत अशी की दख्खनच्या काळ्या कातळाची पूर्वेकडची कड याच शहराजवळ संपते. सीताबर्डीची टेकडी त्याच कातळाची. शहरातून पश्चिमेला निघालं की सपाट माथ्याच्या टेकड्या, मुरूम आणि काळी माती. पूर्वेला उतरलं की जुना खडक, रेताड गाळ आणि धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. तासाभराच्या अंतरात पायाखालचं सगळं बदलतं आणि कुत्र्यांना हाताळण्याची रीतही बदलावी लागते.

पश्चिमेची आमची आवडती वाट हिंगणा रस्त्याने मोहगाव झिलपीची. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, मधूनच संत्र्याचे बगीचे, आणि पुढे टेकड्यांच्या कुशीत तलाव. गाडी थांबताच कुत्री ओरडायला लागतात, पण दार लगेच उघडायचं नाही. एकाने आधी बांबू घेऊन काठ बघून यायचा. बांबू सहा-सात फुटांचा, त्यावर वीतभर अंतरावर रंगाच्या खुणा. पाण्यात उभा धरून एका हाताने दाबायचा. मुरमावर तो खट्‌कन थांबतो. काळ्या गाळात तो मऊपणे आत जात राहतो, आणि एका वितीहून जास्त गेला की ती जागा सोडायची. उतार टेकडीचा असेल तिथे बहुधा मुरूम सापडतो. ओढा तलावाला मिळतो तिथे हमखास गाळ. काठावर गुरांच्या खुरांचे खोल ठसे दिसले तर तोही इशाराच.

काळ्या मातीत कुत्रं अडकतं ते पाय आत गेल्यामुळे जेवढं, तेवढंच घाबरून धडपडल्यामुळे. प्रत्येक झटक्याला पाय आणखी आत जातो, खांद्यावर आणि मनगटावर ताण येतो. अशा वेळी गळ्याचा पट्टा धरून ओढू नये. आपण पालथं पडून वजन पसरायचं, पायाभोवती हाताने पाणी सोडून चिखल सैल करायचा, आणि हार्नेसच्या पाठीवरचा मूठपट्टा धरून एकेक पाय मोकळा करायचा. एवढ्याचसाठी आमच्या टोळीत हार्नेसला पाठीवर भक्कम मूठ असलीच पाहिजे, हा नियम आहे. गळ्यात आवळणारे पट्टे आणि साखळ्या गाडीतच काढून ठेवायच्या; पाण्यातल्या फांदीत त्या अडकल्या तर सुटायला जागा नसते.

एका माणसामागे तीन कुत्री, त्याहून जास्त नाही. जमिनीवर पाच-सहा सांभाळणारी माणसं आहेत, पण पाण्यात एकाला बाहेर काढताना उरलेली काय करतील, हा हिशेब आधी करावा लागतो. कारण टोळीचा स्वभावच असा की एकाने बगळ्यामागे उडी घेतली की बाकीची काही न बघता मागे जातात. पुढे नेहमी वयाने मोठं, शांत कुत्रं ठेवायचं. नवीन आलेल्याला आधी काही दिवस कोरड्या रस्त्यावर त्याच टोळीबरोबर चालवायचं आणि शिट्टीवर परत यायला शिकवायचं. जे शिट्टीवर येत नाही ते दहा मीटरच्या दोरावरच राहील. हा दोर कापडी नको, भिजून जड होतो आणि हात कापतो. गुळगुळीत प्लास्टिकचं आवरण असलेला घ्यावा. झाडं-झुडपं पाण्यात उभी असतील तिथे मात्र लांब दोर नकोच. माजावर आलेली मादी घरी. पग, बुलडॉग, डॅशहुंड यांना काठावरून फिरवावं. चपट्या नाकाला श्वास पुरत नाही आणि आखूड पायांना आधार मिळत नाही.

पूर्वेला भंडारा रस्त्याने मौद्याकडे निघालं की दुसरं जग सुरू होतं. जुलैत रोवणी चाललेली असते. बांध्यांमध्ये गुडघाभर पाणी, धुऱ्यांवर ओळीने चालणाऱ्या बाया, मधूनमधून बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि जुने मालगुजारी तलाव. इथे वाट म्हणजे तलावाची पाळ. उंच, घट्ट, दोन्ही बाजूंना झाडं. पाळीवरून कुत्री एका रांगेत पळवायला सुरेख वाटतं. एका बाजूला भरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवीगार बांधी. पण बांधीत कुत्रं उतरता कामा नये. पऱ्ह्यांत, म्हणजे धानाच्या रोपांत, एक कुत्रं दोन मिनिटं नाचलं तर शेतकऱ्याची आठवड्यांची मेहनत जाते. पाळीवर जाण्याआधी गावात विचारून घ्यावं. मासेमारी करणारी ढीवर मंडळी सकाळी डोंगा घेऊन निघालेली असतात आणि त्यांच्याइतकी तळाची माहिती कुणालाच नसते. "भाऊ, तिकडून नका जाऊ, शिंगाडे लावून आहेत," असं कुणी सांगितलं की मुकाट दिशा बदलावी. शिंगाड्याची वेल वरून मऊ हिरवी दिसते, पण फळाचे काटे पंजाच्या गादीत शिरून मोडतात आणि आत पू धरतात. त्याच पाण्यात नायलॉनची जाळी लावलेली असते. जाळीत पाय गुंतलेलं कुत्रं पोहू शकत नाही, म्हणून कमरेला आकड्याचा चाकू हवा. जाळं कापावं लागलं तर त्याची भरपाई तिथल्या तिथे द्यावी.

जलपर्णीचं संकट वेगळं. दाट झाली की ती हिरव्या मैदानासारखी दिसते, आणि कुत्र्याला ती जमीनच वाटते. उडी मारतं आणि खाली जातं; वर येताना डोक्यावर पानांचं जाळं. शहरातल्या अंबाझरीला आम्ही टोळी नेत नाही, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण सांडपाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना शहराच्या पुराचं पाणी कसं असतं हे सांगायला नको. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. लसीचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात, पुढे दरवर्षी एक. जूनमध्ये पाऊस आल्यावर पळापळ करण्यापेक्षा मे महिन्यातच दोन्ही उरकावेत. लस घेतलेल्या कुत्र्यालाही ताप, उलट्या, अंगदुखी, पिवळट हिरड्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. आपल्या पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय पाण्यात उतरू नये.

गोरेवाडाही आम्ही सोडला आहे. तो शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आणि भोवती जंगल, जंगलात बिबट्या. पेंच आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या जंगलांच्या आसपासही कुत्री नेऊ नयेत. बिबट्या कुत्रं उचलतो ही भीती खरी आहे, पण उलट धोका मोठा आहे. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वाघ-बिबट्यांना होऊ शकतो. २०१८ मध्ये गीरमध्ये याच विषाणूच्या साथीत वीसहून अधिक सिंह गेले. टोळीतल्या प्रत्येक कुत्र्याची डिस्टेंपर, पार्वो आणि रेबीजची लस झालेली असणं ही आपल्यावरची जबाबदारी आहे.

कन्हानचा काठ उन्हाळ्यात सोपा, पावसाळ्यात फसवा. कामठीजवळ बीना संगमावर कन्हान, पेंच आणि कोलार एकत्र येतात. वाळू घट्ट असते, पंजांना आवडते, म्हणून कुत्री पाण्याकडे ओढतात. वाळू उपशाचे खड्डे मात्र पाण्याखाली दिसत नाहीत. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल पुरुषभर खोलात जातं आणि खड्ड्याच्या कडेची वाळू ढासळत राहते. इथे बांबू दर दोन पावलांना टेकायचा. पाणी गढूळ होऊन काडीकचरा वाहायला लागला की वरून लोंढा येतो आहे असं समजून सगळ्यांना वर घ्यायचं, त्यात चर्चा नाही. ढग गडगडला तरी तेच. विदर्भात वीज पडून माणसं आणि गुरं दरवर्षी मरतात, आणि ओल्या उघड्या पाळीवर उंच असे आपणच असतो. शेताच्या कडेच्या तारांपासूनही दूर राहावं. रानडुकरांसाठी काही जण चोरून तारेत करंट सोडतात, आणि ओल्या जमिनीत तो मारकच ठरतो.

पाण्यात दहा मिनिटं, काठावर दहा मिनिटं, असा क्रम ठेवावा. कोपराच्या वर पाणी गेलं की कुत्रं धावत नाही, उड्या मारत पुढे सरकतं, आणि लवकर थकतं. चेंडू किंवा काठी सारखी पाण्यात फेकत राहिलं तर प्रत्येक वेळी तोंडात पाणी जातं. फार पाणी पोटात गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. पोट फुगतं, उलटी होते, चाल लटपटते, डोळे काचेसारखे दिसतात. हे दिसलं तर थांबून वाट बघू नये, दवाखाना गाठावा. निघण्याआधी गाडीतच स्वच्छ पाणी पाजलं की तहानेपोटी तळ्याला तोंड लावणं कमी होतं. प्रत्येकी एक लिटर धरून चालावं. खाणं मात्र पळण्याआधी तीन तास आणि नंतर तासभर नाही. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग दिसला तर त्या दिवशी पाण्याला स्पर्शही नको. शेवाळासारख्या दिसणाऱ्या त्या जिवाणूंचं विष काही तासांत जीव घेऊ शकतं.

परतीच्या गाडीबद्दल कमी बोललं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो. पाऊस असला तरी उष्माघात होतो. कुत्रं धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून अंग थंड करतं. हवा दमट असली की ते उडत नाही. सहा ओली कुत्री बंद गाडीत बसली की काचांवर धुकं धरतं, आणि तीच वेळ धोक्याची. काचा उघड्या, पंखा चालू, अंगावर ओला टॉवेल पांघरलेला नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ च्या पुढे गेलं की आधी अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालायचा आणि मग दवाखान्याकडे निघायचं.

साप चावला तर आवळून बांधणं, कापणं काही करू नये. कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून गाडीत ठेवायचं, हार्नेस काढायचा, आणि वाटेतूनच फोन करून प्रतिविष आहे का ते विचारायचं. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आणि आणखी एका दवाखान्याचा नंबर गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला असावा. भेक तोंडात धरून फेस गाळणाऱ्या कुत्र्याचं तोंड मात्र लगेच, मान खाली धरून, वाहत्या पाण्याने धुवावं.

घरी पोचल्यावर आंघोळीपेक्षा पंजे महत्त्वाचे. काळी माती बोटांमध्ये वाळली की दगड होते आणि चालताना कातडी फाटते. कोमट पाण्यात पंजे भिजत ठेवून ती विरघळू द्यावी, खरवडू नये. कान कोरड्या कापसाने पुसावेत, कानात काडी घालू नये. जर्मन शेफर्ड आणि गोल्डन रिट्रीव्हरच्या आतल्या लोकरीत तासन्‌तास ओल राहते, तिथेच कातडी सडते. त्यांना पंख्याखाली विंचरत वाळवावं. गोचीड बोटांच्या बेचक्यात, कानात, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी शोधावी. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-रॉकेल लावायचं नाही. रोज भिजणाऱ्या कुत्र्यावर मानेवर टाकायचं औषध टिकत नाही, त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी.

सप्टेंबर सरला की पाणी उतरतं, तळ्यांच्या कडेला गाळपेर सुरू होते आणि आमच्या वाटा मागे सरकतात. पेरलेल्या ओलाव्यावर जायचं नाही, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस थंडीचे पाहुणे पक्षी उतरले की पाण्याकाठी दोर सोडायचा नाही. त्याच सुमारास कुसळी गवत पिकतं. कुसळ केसांतून कातडीत शिरतं आणि उलट येत नाही, पुढेच जातं. कान, डोळे, बगला आणि बोटांमधल्या जागा रोज बघाव्या लागतात. कुत्रं अचानक एकच कान झटकायला लागलं, मान वाकडी धरली किंवा एकाच पंजाला चाटत बसलं तर दुसऱ्या दिवशीची फेरी रद्द करून आधी डॉक्टरांकडून तिथलं कुसळ काढून घ्यावं.