वसंतात फुलपाखरं बघायची तर आधी पानं बघा

पळस, पांगारा, काटेसावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटात नजर टाकाल तिथे लाल-केशरी फुलं दिसतात. एवढी फुलं आहेत म्हणजे फुलपाखरांचीही चंगळ असणार, असं कुणालाही वाटेल. पण पळसाखाली दुर्बीण घेऊन बसलात तर बुलबुलांची भांडणंच बघायला मिळतील. ही मोठी, जाड पाकळ्यांची, मधाने भरलेली लाल फुलं मुळात पक्ष्यांसाठी आहेत. फुलपाखराला लागतं ते छोटं, नळीचं फूल आणि पाय टेकायला जागा.

पुण्याकडे फुलपाखरांचा खरा हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर. तेव्हा इतकी असतात की नवशिक्याला काही सुधरत नाही. एकाचं नाव शोधेपर्यंत दुसरी चार उडून जातात. वसंतात संख्या कमी, गवत वाळलेलं आणि नजर लांबवर जाते. म्हणून शिकायला हाच काळ बरा, असं माझं मत झालंय. मी कोथरूडला राहते, त्यामुळे शाळा म्हणून वेताळ टेकडी आयतीच मिळाली.

सुरुवात करायची ती एकदांडीपासून. दगडीपाला किंवा कंबरमोडी म्हणून ओळखत असाल. खेड्यातल्या मुलांना ठेच लागली की ते ह्याच पाल्याचा रस चोळतात. मूळची मध्य अमेरिकेची, पण आता रस्त्याच्या कडेला, गच्चीच्या भेगेत, कुठेही उगवते आणि बारा महिने फुलते. टेकडीच्या पायथ्याशी पाण्याचा एक पाइप सतत गळतो. सगळीकडे पिवळं गवत आणि तिथे तेवढा हिरवा पट्टा, त्यात ही एकदांडी. मी तिथे चक्क बसकण मारली. येणारे-जाणारे विचारायचे, "ताई, काही हरवलंय का?" तिथेच नखाएवढा एक निळसर जीव एका फुलावर उतरला. एकदांडीचं फूल म्हणजे खरं तर अनेक फुलांचा गुच्छ. मधली पिवळी चकती दिसते ती बारीक बारीक नळ्यांची. त्या फुलपाखराने गुंडाळलेली सोंड उलगडली, एका नळीत घातली, काढली, शेजारच्या नळीत घातली, आणि असं करत चकतीभोवती सावकाश फिरलं. पंख मिटलेले होते, त्यामुळे खालच्या बाजूचे ठिपके नीट मोजता आले. ओळख पटवायची तर हे ठिपकेच उपयोगी पडतात. वरचा निळा रंग डोळ्यांना कितीही सुखावला तरी नाव सांगायला फारसा कामाचा नाही.

दुर्बीण घेताना दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का, एवढं दुकानात बघून घ्या. नुसती लांबचं दाखवणारी इथे बिनकामाची. आणि दुर्बीण उलटी धरली की भिंगासारखी वापरता येते, हे मला फार उशिरा कुणीतरी सांगितलं. अंडी बघायला उत्तम.

वेळेचंही तसंच. भल्या पहाटे टेकडी चढणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण फुलपाखरं त्यांच्यातली नव्हेत. अंगात ऊब आल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. साधारण नवाच्या सुमारास ती पानांवर पंख पसरून ऊन खात बसतात. फोटो काढायचे ते तेव्हाच. साडेअकरानंतर एकही धड बसत नाही आणि भर दुपारी सगळी सावलीत गडप.

एकदांडीनंतर रुई. इथे फुलांकडे नाही, पानांच्या मागच्या बाजूला बघायचं. बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर, रुईच्या पानावर एकेक अंडं घालतो. अळी पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईचा चीक म्हणजे विषच, पण ही अळी तेच पान खाते आणि ते विष अंगात साठवून ठेवते. पुढे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणूनच ते इतकं निवांत, तरंगत उडतं.

आता गंमत अशी की छोटा चांदवा, म्हणजे डॅनेड एगफ्लाय, ह्याची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. तिच्या अंगात विष नाही, नुसतं सोंग. मागच्या पंखावर बघायचं: बिबळ्या कडव्याच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, चांदव्याच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. नर मात्र भलताच वेगळा, काळाभोर, त्यावर जांभळट कडांचे पांढरे चांदवे. ह्यांच्या अळ्या घोळ खातात. हो, आपण भाजी करतो तीच घोळ.

मार्चमध्ये आंब्याला मोहोर येतो तेव्हा लोक मोहोर बघतात, मी फांद्यांवरचं बांडगूळ शोधते. बागायतदाराच्या दृष्टीने ही कीडच. पण हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझेबेल, आपली अंडी घालायला बांडगुळाचंच पान निवडतं, आणि तीही एकेक नाही, ओळीने पुंजक्यात. अळ्या घोळक्याने पान फस्त करतात. हे फुलपाखरू बहुतेक वेळ झाडाच्या शेंड्यावर फिरतं, सकाळी मात्र घाणेरीवर खाली उतरतं. पंख मिटले की खालून पिवळंधमक आणि कडेने लाल ठिपक्यांची रांग.

पाषाण तलावाची गोष्ट वेगळीच. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात भुरुंडी उगवते. विंचवाच्या नांगीसारखा वळलेला तुरा आणि त्यावर इवलीशी फिकट फुलं. दिसायला काही खास नाही, पण तिच्या वाळक्या, मोडक्या काड्यांवर हबशी (कॉमन क्रो) आणि ब्लू टायगर ही फुलपाखरं अक्षरशः लोंबकळत असतात. तिथे मध कुठला? ते वाळलेल्या भागातून काही कडू अल्कलॉइड शोषून घेतात. नरांना मादीला भुलवणारा गंध तयार करायला ही द्रव्यं लागतात, म्हणून तिथे जमलेल्यांत नरच जास्त. खुळखुळ्याच्या वाळल्या झाडावरही हाच प्रकार. हे कळल्यापासून वाळकं झाड दिसलं की मी थांबतेच.

ह्या हबशाची अळी कण्हेरीवर वाढते. आमच्या सोसायटीच्या कण्हेरीवर त्याचे कोश लागले होते, चांदीचा मुलामा दिल्यासारखे, इतके चकचकीत की माझाच चेहरा वेडावाकडा दिसत होता. माळीमामा कात्री घेऊन उभे. "ताई, किडा लागलाय, छाटतो." मी त्यांना कोश दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "मग ही बाजू राहू दे, त्या बाजूची छाटतो." तेव्हापासून तसंच चालू आहे. सोसायटीतल्या काही मंडळींना ती अर्धी भादरलेली कण्हेर खुपते, पण मामा बधत नाहीत.

नीलवंतासाठी, म्हणजे ब्लू मॉरमॉनसाठी, ताम्हिणी घाट गाठावा. ह्या फुलपाखराला २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं आपलं पहिलं राज्य. तसा तो शहरातल्या बागांतही येतो, अळीला लिंबाच्या जातीची झाडं चालतात. पण मार्चमध्ये घाटातले ओढे आटायला लागतात तेव्हा ओल्या वाळूवर तो उतरतो, आणि वीतभर रुंदीचं ते काळं-निळं पाखरू एका जागी बसलेलं तेव्हाच नीट बघता येतं. चिखलातलं पाणी शोषून मीठ मिळवायचं, हा नरांचा उद्योग. मधात मीठ नसल्यासारखंच. ते मिळवून नर मिलनाच्या वेळी मादीला देतो. एकदा शोषायला लागले की त्यांचं आजूबाजूला लक्ष नसतं, पण आपली सावली अंगावर पडली की सगळा थवा उठतो. तेव्हा सूर्य समोर ठेवून, गुडघ्यांवर, हळूहळू पुढे सरकायचं. पँट खराब होते. होऊ द्यावी.

चीड येते ती वणव्यांची. फेब्रुवारी उजाडला की टेकड्यांवर गवत पेटतं. कुणी विडी टाकतं, कुणी मुद्दाम लावतं. लोक म्हणतात, वाळलेलंच तर होतं. पण ह्या दिवसांत अनेक फुलपाखरांचं कोरड्या ऋतूतलं रूप असतं. ईव्हनिंग ब्राउन आणि पीकॉक पॅन्सी ह्यांच्या पंखांच्या खालच्या बाजूवरचे डोळ्यांसारखे ठिपके जवळपास नाहीसे होतात आणि ती थेट वाळक्या पानासारखी दिसतात. ते वाळकं गवत-पाचोळा हीच त्यांची लपण. काळ्याठिक्कर पडलेल्या जमिनीवर त्या रंगाचा उपयोग काय?

नोंदी मी आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकते. वरून आणि खालून असे दोन्ही बाजूंचे फोटो, आणि तिसरा त्या झाडाचा, हा माझा नेम. झाडाच्या फोटोवरूनच कितीदा नाव लागतं. बोरीभोवती घोटाळणारं पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं फुलपाखरू बहुधा कॉमन पिएरो निघतं, कारण त्याची अळी बोरीचा पाला खाते. एकदांडीवरच्या त्या निळ्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. एक जाणकार लेसर ग्रास ब्लू म्हणतात, दुसरे डार्क ग्रास ब्लू, आणि दोघेही एकाच ठिपक्यावर बोट ठेवून वाद घालताहेत. तोवर माझ्या वहीत तो 'बारका निळा' म्हणून बसलाय.