पेलेटच्या डबीपासून हवेच्या बाटलीपर्यंत: आमची वाटचाल

आमचं दुकान सुरू झालं ते १० मीटर एअर रायफलचे पेलेट (शिशाच्या छोट्या गोळ्या) आणि कागदी टार्गेट विकायला. कोल्हापूरला नेमबाजीचं वेड नवं नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. दोन्ही पदकं ५० मीटरची, पण पोरं हात बसवतात ते एअर रायफलवर, आणि तेही बरेचदा घरीच. ४.५ मिमीची, २० जूलच्या आतली एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार विनापरवाना ठेवता येते. मॅच रायफलची ताकद जेमतेम साडेसात-आठ जूल.

सुरुवातीला आम्ही नुसती डबी विकायचो. ५०० पेलेट, प्रत्येकाचं वजन ०.५३ ग्रॅम, वर पेलेटच्या डोक्याचं माप: ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिमी. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "यातली भारी कुठली?" ते डबीवरून कळत नाही, तुमच्या नळीवरून कळतं. २०१३ पासून पात्रता फेरीचे गुणही दशांशात मोजायला लागले आणि टेस्टिंगची, म्हणजे आपल्या नळीला कुठला पेलेट जमतो ते मारून बघण्याची, मागणी वाढली. मग आम्ही सिमेंटच्या ओट्यात व्हाइस, म्हणजे घट्ट धरणारा शिकंजा, बसवला.

टेस्टिंगला रायफल लाकडातून काढून तिची अॅक्शन (नळी जिच्यात बसते तो मधला भाग) व्हाइसमध्ये धरतात. नळी धरायची नाही; तिची थरथर बदलते आणि मग तो गट तुमच्या रायफलचा राहत नाही. बॅच (एकाच वेळी बनलेला पेलेटचा लॉट) बदलली की पहिले दहा पेलेट मोजायचे नाहीत, कारण नळीत आधीच्या पेलेटचं शिसं बसलेलं असतं. त्यानंतर दहा-दहा पेलेटचे तीन गट मारायचे आणि प्रत्येक गटाची भोकं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मापायचे. तिन्ही ५.५ मिमीच्या आत आले तर पेटी घ्या. ७ मिमी आला, तर पेलेटचं केंद्र अडीच मिमीच्या पट्ट्यात फिरतंय. टार्गेटवर एक दशांश म्हणजे ०.२५ मिमी, तेव्हा मध्यापासून सव्वा मिमी सरकलेला पेलेट तुमची काही चूक नसताना पाच दशांश खातो. एक गट ५.२ चा दिसला की लगेच पैसे काढणारे पालक असतात. त्यांना आम्ही उरलेले दोन गट होईपर्यंत बसवून ठेवतो. माप तेच, कंपनी तीच, पण बॅच नंबर दुसरा असेल तर पुन्हा टेस्टिंग. घरी काट्यावर पेलेट निवडत बसण्यात मात्र आम्हाला अर्थ वाटत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा स्वस्त काटा चांगल्या बॅचमधला फरक पकडतच नाही. त्यापेक्षा डबी हातातून पडू देऊ नका. पेलेटची मागची कड वाकली की तो सरावालाच जातो.

पेलेटनंतर आमच्याकडे आली हवा, आणि आता निम्मं काम तिचंच आहे. पेलेट ढकलणारी हवा रायफलच्या सिलेंडरमध्ये दाबून भरलेली असते, आणि तो सिलेंडर २०० बारचा (बार हे दाबाचं माप). घरी भरायला तीन वाटा: हातपंप, छोटा कॉम्प्रेसर, किंवा डायव्हिंगची बाटली.

हातपंप स्वस्त, पण कोल्हापूरच्या पावसात त्याचा जीव जातो. हिशेब बघा. २०० मिलीचा सिलेंडर १०० वरून २०० बारला न्यायला बाहेरची २० लिटर हवा लागते. जुलैत त्या हवेत जवळजवळ अर्धा ग्रॅम पाणी असतं, थंडीच्या कोरड्या दिवसात त्याहून बरंच कमी. हे पाणी पंपात साचतं, उरलेलं सिलेंडरमध्ये जातं, आणि पुढे रेग्युलेटरमध्ये (दर गोळीला सारखा दाब देणाऱ्या भागात) पांढरी बुरशी धरल्यासारखा गंज दिसतो. पेलेटचा वेग खालीवर व्हायला लागला की रायफल आमच्याकडे येते. म्हणून पंपाला हवा सुकवणारा ड्रायर लावा, दर पन्नास दाबांनी ब्लीड (साचलेलं पाणी-हवा सोडणारा स्क्रू) उघडा, पंपाचं खालचं टोक चटका देऊ लागलं की थांबा. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) फक्त सिलिकॉन ग्रीस. मशीनचं तेल लावलं, तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

घरात एकाहून जास्त नेमबाज असतील तर आम्ही बाटलीच सुचवतो, आणि तीही ३०० बारची. १० लिटरची २०० बारची बाटली दर भरणीला दोनेक बार उतरते. दहा भरण्यांनंतर सिलेंडर १८० च्या पुढे जात नाही. ७ लिटरची ३०० बारची बाटली तीसेक वेळा पूर्ण २०० देते. फक्त गेज डोळ्यांसमोर हवा आणि व्हॉल्व्ह केसभर उघडायचा. घाईने भरलं की सिलेंडर तापतो, गेज २०० दाखवतं आणि तासाभराने १९०. ती गळती नव्हे, हवा थंड झाली. जोडणी घेताना आटे मोजा: २०० बारच्या डिन (बाटलीच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसणाऱ्या) जोडणीला पाच, ३०० ला सात. ३०० च्या बाटलीत पाच आट्यांचं कनेक्टर बसतच नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. बाटलीवर पेसोची, म्हणजे गॅस सिलेंडरना मान्यता देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यता (त्यांचं मुख्यालय नागपूरला) आणि हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची) तारीख बघूनच पैसे द्या.

वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन भरून देता का, असं अजूनही कोणी विचारतं. ऑक्सिजन, ग्रीस आणि दाब एकत्र आले की स्फोट होतो; असा सिलेंडर आम्ही दुकानात घेतही नाही.

मुदत संपलेल्या सिलेंडरचंही तेच. तयार झाल्याची तारीख त्यावर कोरलेली असते, बऱ्याच कंपन्या १० वर्षांची मुदत देतात, आणि स्पर्धेत उपकरण तपासणीला ती बघितली जाऊ शकते. जुनी रायफल घेताना लोक डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट) आणि बट (खांद्याला टेकणारा भाग) निरखून बघतात, सिलेंडर फिरवून बघत नाहीत. तारीख आठ-नऊ वर्षांपूर्वीची असेल तर नव्या सिलेंडरची किंमत वजा करूनच भाव बोला.